अकरा डबे आणि एक काळी काच

२ मार्च, रविवार

गॅस गेला. म्हणजे नेला. सकाळी घरमालकिणीची दोन माणसं आली, पाइप कापला, भोकात सिमेंट भरलं आणि ओट्यात एक काळी काच बसवून गेली. आता सगळ्या इमारतीत इंडक्शन शेगडी. म्हणे सुरक्षित. ह्या ओट्यावर मी बावीस वर्षं गॅस वापरला, एकदाही भडका उडाला नाही. तिसऱ्या मजल्यावर पडदा जळाला तो सिगरेटने. शिक्षा मला.

काचेवर चार पांढरे गोल. बटणं नाहीत, ज्योत नाही, आवाज नाही. वाकून पाहिलं तर माझंच तोंड दिसतं, तेही खालून.

काळजीचं कारण नाही. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. चुंबकत्वाचं प्रकरण ऑप्शनला टाकलं होतं, बाकी सगळं पक्कं आहे.

ह्यांनी लगेच माहितीपुस्तिका उघडली. काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. जन्मभर प्रेसमध्ये प्रुफं तपासली, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी छापलेला कागद दिसला की हात शिवशिवतात. स्वयंपाक वाचून होत नाही म्हटलं.

वजनमाप कार्यालयातल्या लोकांचे अकरा डबे रोजच्यासारखे साडेअकराला निघतील. करार ३१ मार्चपर्यंत आहे. एप्रिलपासून तिथे स्वतःचं कँटीन काढायचं घाटतंय, अशी बातमी ह्यांनी आणली (डबे हेच पोचवतात, दोन गल्ल्या ओलांडून). घाटू दे. बावीस वर्षांत डब्याचा एक खाडा नाही. अशी बाई त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही.

३ मार्च, सोमवार, पहाटे ५.१०

भात चढवला. गोलावर बोट टेकवलं. टुं वाजलं आणि एक लाल अक्षर लुकलुकायला लागलं. यू. पातेलं सरकवलं. यू. दुसरा गोल. यू. पहाटे पाच वाजता माझ्याच घरात मला उद्देशून यू म्हणणारं अजून कोणी जन्मलेलं नाही.

६.००

ह्यांचं म्हणणं, पातेली अॅल्युमिनियमची आहेत आणि ही शेगडी लोखंडच ओळखते. मी म्हटलं, मग ओळख करून द्या. सगळी भांडी लावून पाहिली. तांब्याचा मोठा टोपसुद्धा. चालला फक्त जुना लोखंडी तवा.

११.३०

डब्यांत आज काकडी, टोमॅटो, ब्रेड आणि तव्यावर भाजलेला अर्धा बटाटा. ऊन वाढतंय, गार आहार प्रकृतीला उत्तम. तसं चिठ्ठीत लिहून पाठवलं.

४.००

उलट चिठ्ठी आली. हेडक्लार्कची. ह्या माणसाला मी टाचणी म्हणते. तसाच बारीक, सरळ आणि टोचणारा. तक्रारीही टाचणीनेच पिशवीला लावून पाठवतो. लिहिलंय: बटाटा, सरासरी ३८ ग्रॅम.

म्हणजे वजन केलं! अकरा अर्ध्या बटाट्यांचं! कचेरीच्या वेळात!

४ मार्च, मंगळवार

नऊ भांडी आणली. भांडीवाला मला शिकवायला लागला. म्हणे, बाई, इंडक्शनवर ठेवायची तर बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तरच घ्या. मी म्हटलं, भांडं पारखायला मला कान पुरतात. टिचकी मारायची. चांगलं भांडं घंटेसारखं बोलतं, टाकाऊ भांडं ठप्प करतं. ही विद्या दुकानात मिळत नाही.

इतक्यात ह्यांनी खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं. केळ्याच्या आकाराचं. भर दुकानात एक पासष्ट वर्षांचा गृहस्थ पातेल्याच्या बुडाला केळं लावतोय, हे बघायला तीन बायका थांबल्या. ते केळं मुकाट्याने परत खिशात घालायला लावलं.

सात भांडी माझ्या कानाने निवडली. झकास नाद. दोन ह्यांनी निवडली: एक निळं ढब्बू इनॅमलचं पातेलं, टिचकी मारली तर मेल्यासारखं गप्प, आणि एक ओतीव लोखंडी कढई, उचलताना मनगट निखळावं अशी. घेऊ दिली. नवऱ्याला अधूनमधून जिंकू द्यावं.

तिथेच नऊच्या नऊ भांड्यांवर आमची अक्षरं कोरून घेतली. न कोरता भांडी घरी आणली की शेजारपाजारची होतात. भांडीवाला म्हणाला, आधी घरी पाणी उकळून बघा, मग कोरतो, मी काय पळून चाललोय? गिऱ्हाइकाला दोन खेपा घालायला लावायचे हे धंदे मला कळतात. ठळक कोर म्हटलं.

५ मार्च, बुधवार

सात भांडी: यू, यू, यू, यू, यू, यू, यू.

दोन चालली. निळं पातेलं आणि कढई. योगायोग.

भांडीवाल्याकडे गेले. कोरलेलं भांडं परत घेत नाही म्हणाला. वर म्हणाला, बाई, मी बोललो होतो. बोलला होतास, पण पटेल असं बोलला नाहीस, हे मी त्याला ऐकवलं. विकणाऱ्याचं कामच आहे ते. दुकानातल्या एका बाईने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बहुधा तिलाही त्याने फसवलं असावं.

ती सात भांडी माळ्यावर चढवताना हे म्हणाले, वाजतात मात्र छान.



७ मार्च, शुक्रवार

शेगडीशी पहिली खरी झुंज. माझी पद्धत सोपी आहे: मोठ्या आचेवर सुरुवात करायची आणि ज्योतीवर नजर ठेवून कमी करत आणायची. इथे ज्योतच नाही, तर नजर ठेवू कुठे? नऊ आकड्यावर ठेवलं. चार मिनिटं काहीच झालं नाही असं वाटलं. पाचव्या मिनिटाला भाताने तळ धरला, सहाव्याला वास सुटला. कमी करायला बोट लावलं तर दाद देईना. हात ओले होते म्हणे. स्वयंपाकघरात हात ओले नसतील तर काय असतील?

पदराने काच खसाखसा पुसली. त्यात कुठेतरी बोट लागलं आणि सगळी शेगडी कुलूपबंद झाली. लहान मुलांनी चाळा करू नये म्हणून हे कुलूप असतं. मी चौसष्ट वर्षांची आहे.

ह्यांनी येऊन डाव्या कोपऱ्यात तीन सेकंद बोट दाबून धरलं आणि कुलूप उघडलं. कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, अंदाजाने. अंदाज चांगला आहे ह्यांचा.

टाचणीची चिठ्ठी: भात, पैकी कोळसा, प्रति डबा ६० ग्रॅम. तिघांनी डबे बंद केले. तिघांचंही पोट पहिल्यापासून नाजूक. गळतीने माल निवडून निघतो. राहिले आठ.

१० मार्च, सोमवार

घरमालकिणीला धडा शिकवायचा म्हणून सकाळीच तिच्या दारात जाऊन बसले. भांडणाला वेळ द्यावा लागतो. निघताना ह्यांना सांगितलं, तांदूळ धुऊन ठेवलाय, भाजी चिरून ठेवलीय, फक्त लक्ष ठेवा, अक्कल चालवू नका.

घरमालकीण पाऊण वाजेपर्यंत दार उघडेना. उघडलं तेव्हा म्हणाली, सगळी इमारत शिकली, तुम्हालाच का जमत नाही? तिला चार शब्द ऐकवले. पाचवा तोंडात होता, तेवढ्यात तिने दार लावून घेतलं.

परत आले तोवर हे डबे पोचवून आले होते. पेपर वाचत होते. शर्टाला कांद्याचा वास.

टाचणीची चिठ्ठी: भात मोकळा. भाजी उत्तम. उरलेलं अन्न: शून्य ग्रॅम.

बघा! तांदूळ कोणी धुतला होता? भाजी कोणी चिरली होती? स्वयंपाकाचा आत्मा तयारीत असतो. आच लावणं ही हमाली.

११ मार्च, मंगळवार

पुन्हा करपलं. व्होल्टेज वरखाली होत असणार. दिवे कसे काय स्थिर आहेत, असं ह्यांनी विचारलं. दिव्याचं व्होल्टेज वेगळं असतं हे ह्यांना माहीत नाही. मलाही नक्की माहीत नाही, पण तर्काला धरून आहे.

१३ मार्च, गुरुवार

दातांच्या डॉक्टरकडे दोन तास. ह्यांनी लक्ष ठेवलं.

उरलेलं अन्न: शून्य ग्रॅम. शिवाय गेलेल्या तिघांपैकी दोघे परत आले. डबे दहा. शेगडी माझ्या हाताला सरावत चाललीय, हे उघड आहे. तोंड सुजलंय, पण मन शांत.

डॉक्टर म्हणाला, दात फार आवळता तुम्ही, झोपेतसुद्धा. मी म्हटलं, तुमच्या घरी इंडक्शन आहे का? आहे म्हणाला. मग मी आ केला.

१४ मार्च, शुक्रवार

एक चांगलं स्टीलचं पातेलं घेतलं. दुसऱ्या दुकानातून. लोहचुंबक लावून पाहिलं, केवळ दुकानदाराचा मान राखायला.

आज रस्सा पातळ राहिला आणि बटाटे कच्चे. एकाने डबा पुन्हा बंद केला. त्याचं नाव लक्षात ठेवलंय. पुन्हा येऊ दे दारात.

१५ मार्च, शनिवार

गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली माहितीपुस्तिका. ड्रॉवरमधली! पानापानावर पेन्सिलच्या खुणा. नवऱ्याच्या गादीखाली बायकोला काय काय सापडतं म्हणतात. मला शेगडीची पुस्तिका सापडली.

फैलावर घेतलं. तर म्हणाले, अगं, एक्केचाळीस चुका आहेत हिच्यात. कंपनीला कळवणार आहे. मी म्हटलं, चोरून वाचलीत. म्हणाले, चुका तपासल्या, वाचलं असं नाही म्हणता येणार. मग अठराव्या पानावर भाताची वेळ दिलीय तिला दुहेरी रेघ का मारलीत? तर म्हणाले, ती बरोबर निघाली.

पुस्तिका जप्त. माझ्या उशीखाली. उघडणार नाही.

१७ मार्च, सोमवार, पहाटे ४.५०

स्वयंपाकघरात खुडबुड. उंदीर असेल म्हणून केरसुणी घेऊन गेले. हे होते. अंगात माझा एप्रन. झोप लागत नव्हती म्हणाले. भात चढवलेला, आकडा चार. एवढ्याशा आचेवर भात संक्रांतीला शिजेल म्हटलं आणि स्वतः नऊ केला.  ह्यांनी शांतपणे एप्रन काढून खुंटीला लावला आणि फिरायला गेले.

दुपारी ४.००

उरलेलं अन्न: १ किलो ९०० ग्रॅम. ह्यांनी सुरुवात चुकीची केली होती, पुढे ते निस्तरणं कठीण गेलं.

१८ मार्च, मंगळवार

भाजी आणायला गेले होते, वाटेत टाचणी भेटला. कचेरीबाहेर मनुष्य आणखी बारीक दिसतो. नमस्कार करून म्हणाला, वहिनी, दहा आणि तेरा तारखेचा भात आमच्या साहेबांनी मागून घेऊन खाल्ला हो. मी म्हटलं, आपली कृपा. मग विचारतो, त्या दोन दिवशी घरीच होतात का आपण? किती आस्था! एकदा घरमालकिणीकडे आणि एकदा दातांसाठी गेले होते, तरी डबे थांबू दिले नाहीत, असं सांगितलं. त्याने मान हलवली आणि खिशातून वही काढून काहीतरी टिपलं.

मग म्हणाला, २४ ते २८ हा आठवडा शेवटचा. रोज परत येणाऱ्या अन्नाचं वजन करायचं आणि ३१ला ठरवायचं, वहिनींचा डबा की कँटीन. म्हटलं, वजन तर तुम्ही आधीपासूनच करताय. तर म्हणतो, काय करणार, आमच्याकडे येईल त्या वस्तूचं वजन होतंच, सवय आहे. आता ते हिशेबात धरू, एवढंच.

भाजीवाली ऐकत होती. टाचणी गेल्यावर म्हणाली, बाई, बटाटे नीट जोखून देऊ का? तिच्याकडून आता बटाटे घेणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

फैसला केला. शेवटच्या आठवड्यात ह्यांना स्वयंपाकघराची बंदी. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. कारण सांगितलं: दोन सुगरणी, भात अळणी. हे म्हणाले, अगं, मी सुगरण कधी झालो? म्हटलं, झाला नाहीत, म्हणूनच. तर म्हणाले, बघ बाई, करार जायला नको, तुला करमणार नाही. मला करमायची काळजी! बावीस वर्षं पहाटे पाचला उठतेय. करमायला वेळ मिळाला असता तर कळलं असतं.

जेवताना पुन्हा म्हणाले, नुसती आच तरी मला बघू दे. तुझंच नाव राहील. मी ताट उचलून उठले. नाव माझंच आहे. राहील काय?

२३ मार्च, रविवार

आठवड्याचा आराखडा कागदावर काढून भिंतीला लावला. चारी गोल एकदम, चौघांनाही नऊ आकडा. भात, रस्सा, भाजी, अंडी. पन्नास मिनिटांत स्वयंपाक संपला पाहिजे. अशी शिस्त त्या शेगडीने जन्मात पाहिली नसेल.

२४ मार्च, सोमवार

हे दारापासून दोन हात लांब खुर्ची टाकून बसले. हातात पेपर. उंबऱ्याच्या बाहेर, त्यामुळे हरकत घेता आली नाही. रस्सा उतू जायच्या आधी खोकले. भात लागायच्या आधी खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा दार लावून घेतलं. मग अंडी फुटली.

दाराबाहेरून म्हणाले, डावीकडचे दोन गोल वीज वाटून घेतात गं, दोन्हीला नऊ दिलास तर दोन्ही उपाशी राहतात. भावाभावांत असतं तसं. मी म्हटलं, तुमच्या भावाचं नाव माझ्या स्वयंपाकघरात काढू नका.

उरलेलं अन्न: २ किलो १००.

२५ मार्च, मंगळवार

२ किलो ६००. शेगडी मुद्दाम करते. ह्यात आता शंका नाही. झाकण ठेवायला वळले की आकडा बदलते. तिच्या तोंडावर कोबी सांडला, तर पुसायच्या आधीच बंद पडली. रुसते मेली. आजवर ह्या घरात रुसायचा हक्क मला एकटीला होता.

२६ मार्च, बुधवार

१ किलो ९००! भरघोस सुधारणा. दोघे रजेवर होते, असं हे म्हणाले. असतील. आकडा तो आकडा.

२७ मार्च, गुरुवार

हे म्हणतात खांदा दुखतोय. डब्यांनी. मी म्हटलं, येताना तरी हलके असतात ना? म्हणाले, जाताना आणि येताना सारखेच.

ह्या वयात असं लागट बोलणं शोभत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. पहाटे चारला उठले. उशीखाली पुस्तिका टोचत होती, म्हणून बाहेर काढली. उघडली नाही. म्हणजे उघडली, पण अठरावं पान बघितलं नाही. सतरावं बघितलं. त्यावर काच पुसायच्या सूचना होत्या, आणि ‘काच’ शब्दाभोवती ह्यांनी पेन्सिलने एक नीटस गोल काढलेला. काय चूक होती कळलं नाही.

भात नऊवर. रस्सा नऊवर. हे खुर्चीत नव्हते. पेपर होता, खुर्ची होती, हे नव्हते. आज कोणी खोकलं नाही. कशाच्या आधी काय बंद करायचं, ते आज कळायला मार्ग नव्हता. म्हणजे गरजही नव्हती.

परत आलेल्या पिशव्या ह्यांनी ओट्यावर ठेवल्या. एकेक डबा उघडून पाहिला. एकाने काही खाल्लं होतं. कांदा.

आकडा लिहीत नाही. टाचणीने लिहिलाय, तेवढं पुरे.

३० मार्च, रविवार

सरासरी काढली तर इतकं वाईट नाही. ३ तारखेचा काकडीचा दिवस धरला, शून्याचे दोन दिवस धरले, रजेवरचे दोघे सोडले, तर आकडा बराच खाली येतो. ह्यांना दाखवला. पेन्सिल घेतली, बघितला, खाली ठेवली. चूक सापडली का विचारलं. म्हणाले, बेरीज बरोबर आहे.

उद्या करार पुढे चालू राहणार. बावीस वर्षांचा संबंध किलो-ग्रॅमवर कोणी तोडत नाही. वजनमापवाले झाले म्हणून काय माणसं नाहीत?

३१ मार्च, सोमवार, दुपारी १.००

पत्र आलं. पाकिटावर ह्यांचं नाव. पोस्टमनची चूक समजून मी उघडलं.

चूक नव्हती.

१ एप्रिलपासून डबे बंद. कचेरीत कँटीन सुरू. चार गोलांची इंडक्शन शेगडी बसवली आहे, अकरा माणसांचा एक वेळचा स्वयंपाक, सकाळी सात ते एक. सोबत आलेख जोडलाय. महिनाभराचे खांब, उंचच उंच, आणि मध्ये दोन ठिकाणी काहीच नाही. दहा तारीख. तेरा तारीख. पुढे लिहिलंय: त्या दोन दिवशी स्वयंपाक कोणी केला, असं आम्ही आपणांस विचारलं असता आपण खरं उत्तर दिलंत, त्याबद्दल आभारी आहोत. कँटीनचं काम आपण पत्करावं, ही विनंती.

शेवटी टाचणीची सही. तीही बारीक.

३.३०

ह्यांना विचारलं, तुम्ही सांगितलंत? म्हणाले, विचारलं त्यांनी, खोटं कसं सांगू? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मी म्हटलं, माझ्या काढायच्या नव्हत्या. तर खाली बघून म्हणाले, तुझ्या नाही काढल्या गं. माझं काय जमलं तेवढंच सांगितलं.

 शेगडीचा पंखा बंद केल्यावरही उगाच फिरत राहतो, तेवढाच आवाज.

मग म्हणाले, तू नको म्हणालीस तर नाही जाणार.

हे मात्र ह्यांनी सोपं करून ठेवलं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग अकरा माणसं उपाशी राहतील आणि ठपका माझ्यावर येईल. शिवाय हे दिवसभर त्या खुर्चीत बसून खोकणार. जा म्हटलं. एप्रन धुऊन न्या म्हटलं, माझा आहे.

धुऊन वाळत घातलासुद्धा. चिमटे लावून.

१ एप्रिल, मंगळवार, सकाळी ७.१५

हे गेले. दाढी करून, भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखे. जिन्यात घरमालकीण भेटली असावी, हसण्याचा आवाज वर आला. दोघांचा.

आता सगळं स्वयंपाकघर माझं. खुर्ची नाही, खोकला नाही, पिशव्या नाहीत. भिंतीवरचा आराखडा काढून टाकला. खऱ्या अर्थाने आजपासून ह्या शेगडीची आणि माझी ओळख होणार. कोणाचा डोळा नसताना माझा हात कसा चालतो, ते तिला कळेल.

९.००

घाई नाही. आधी कपाटं लावते.

१०.४०

कपाटं लावून झाली. पुन्हा लावली.

११.३०

उठून दाराशी गेले. पिशव्या काढायला. मग आठवलं.

१२.१५

ओट्याच्या कोपऱ्यात, झाकणाखाली, एक डबा. हे मी उठायच्या आधी करून ठेवून गेले असणार. भात, भाजी, रस्सा, वर कांदा चिरलेला. चिठ्ठी नाही.

खाणार नव्हते. पण अन्न टाकायची सवय नाही.

१.१०

डबा गार झाला होता. गरम करायला म्हणून निळं पातेलं काढलं, शेगडीपाशी गेले. काचेत तोंड दिसलं. थोडा वेळ दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग पातेलं जागेवर ठेवलं आणि टेबलाशी बसून गारच खाल्लं.

नाव ठेवायला काही सापडलं नाही. दोनदा शोधलं.